राजाराम बंधाऱ्यावरचा आकडा : एक विज्ञानकथा चित्रपट, मालिका आणि ओटीटीवर कशी न्यावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातल्या सहा-सात मित्रांनी मिळून तुम्ही ३८ मिनिटांची एक विज्ञानकथा चित्रित केली. पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीच्या पट्टीवर नऊ दिवसांनंतरचा आकडा आधीच उमटतो आणि तो मोजणीवर असलेल्या एका मुलीला दिसतो, एवढीच तिची कल्पना. ती लोकांना आवडली, एका निर्मात्याने विचारणा केली, कराराचा मसुदाही पाठवला. आता त्यातून एक चित्रपट, वाहिनीवरची मालिका आणि ओटीटीसाठी सीरिज असे संपूर्ण विश्व उभे करायचे तर सुरुवात कोठून करावी आणि तिन्ही ठिकाणचा प्रेक्षक कसा धरावा, असे तुम्ही विचारले आहे. मी बावीस वर्षे मालिका आणि वेबसीरिज यांच्या रायटर्स रूममध्ये काढली आहेत, त्यातली अलीकडची काही कोल्हापुरात राहून. त्या अनुभवावरून उत्तर देतो.

आधी 'विश्व' हा शब्द बाजूला ठेवावा, अशी विनंती आहे. निर्मात्यांच्या बैठकांत तो इतका स्वस्त झाला आहे की पहिल्या चित्रपटाचा खर्च निघण्याआधीच त्याच्या चार शाखांची नावे ठरलेली असतात. जुन्या प्रेक्षकाची तुमच्या कथेशी झालेली ओळख ही तुमची ठेव आहे, परंतु तीच ओळख नव्या प्रेक्षकाकडून प्रवेश फी म्हणून वसूल करता येत नाही. कोणते माध्यम आधी, किती भाग, किती खर्च, हे सगळे यावरूनच ठरते.

ही ओळख म्हणजे काय, हे कोल्हापूरकराला समजायला अवघड नाही. १९२० साली बाबूराव पेंटर यांनी याच गावात 'सैरंध्री' काढला, तेव्हा महाभारतातला कीचकवधाचा एकच तुकडा त्यांनी उचलला होता. मूकपट असूनही बल्लव म्हणजे भीम आणि राणीची दासी म्हणजे द्रौपदी, हे कोणाला समजावून द्यावे लागले नाही, कारण प्रेक्षक ते घरूनच शिकून आलेला होता. आजीने, कीर्तनकाराने, चातुर्मासात चावडीवर वाचल्या जाणाऱ्या पोथीने ते काम पिढ्यान्‌पिढ्या फुकट करून ठेवले होते. विज्ञानकथेला ही वडिलोपार्जित इस्टेट नसते. तिचे जग प्रेक्षक प्रथमच पाहतो, त्यामुळे आजीचे काम कोण करणार, हा विज्ञानकथेच्या विस्तारातला पहिला आणि माझ्या मते सर्वांत मोठा प्रश्न आहे.

'स्टार ट्रेक' या अमेरिकन अंतराळ-मालिकेच्या बाबतीत ते काम पुनःप्रक्षेपणाने केले. ती मालिका १९६६ ते १९६९ अशी तीन सीझन चालली, ७९ भाग झाले आणि एनबीसी या वाहिनीने ती बंद केली. त्यानंतर सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या स्थानिक वाहिन्यांनी तेच भाग पुन्हा पुन्हा दाखवले आणि मूळ प्रक्षेपणाच्या वेळी नव्हता तेवढा प्रेक्षक तिला तिच्या पश्चात मिळाला. (आपल्याकडेही ऐंशीच्या दशकात ती दूरदर्शनवर लागत असे. राजारामपुरीतल्या एका शेजाऱ्यांच्या घरी, चपला बाहेर काढून, आम्ही दहा-बाराजण ती पाहत असू आणि संवाद फारसे कळत नसूनही टोकदार कानांचा माणूस शहाणा आहे, हे कळत असे.) या जोरावर नवी मालिका काढायचे ठरले होते, पण १९७७ साली 'स्टार वॉर्स'ला मिळालेले यश पाहून त्या मालिकेचाच चित्रपट झाला आणि तो १९७९ साली आला. त्यावर सुमारे ४.४ कोटी डॉलर खर्च झाले. पुढचा, १९८२ सालचा चित्रपट सुमारे १.२ कोटी डॉलरमध्ये, स्टुडिओच्या टीव्ही विभागातल्या माणसांच्या देखरेखीखाली, बरेचसे जुने सेट वापरून केला गेला आणि आजही बहुतेक चाहते त्यालाच उत्तम मानतात.

या दुसऱ्या चित्रपटाची बांधणी तुम्ही कागद-पेन्सिल घेऊन पाहावी. त्यातला खलनायक खान हा १९६७ सालच्या एका भागातून आलेला आहे. म्हणजे पंधरा वर्षांपूर्वीचा एकच भाग. तो ज्यांनी पाहिला होता त्यांच्या अंगावर काटा आला असेल. ज्यांनी पाहिला नव्हता त्यांच्यासाठी खान स्वतःच आपली तक्रार काही मिनिटांत सांगतो, आणि ती सांगताना तो माहिती देत नाही, राग काढतो. नव्या प्रेक्षकाला माहिती मिळते, जुन्याला राग दिसतो, आणि दोघेही एकाच दृश्यात बसतात. गंमत अशी की खान त्या दृश्यात चेकॉव्ह या अधिकाऱ्याला ओळखतो. वास्तविक चेकॉव्ह मालिकेत आला तो दुसऱ्या सीझनमध्ये, खानच्या भागानंतर. ही चूक चाहत्यांनी कधीच शोधून काढली आहे, आणि तिच्यामुळे चित्रपटाचे काहीही बिघडले नाही. कन्टिन्युइटीच्या, म्हणजे भागाभागांतले तपशील जुळवण्याच्या, वह्या भरण्यात ज्यांचे महिने जातात त्यांनी हे लक्षात ठेवावे.

पुढे १९८७ साली नवी मालिका आली तेव्हा जहाजाचे नाव तेच ठेवून काळ जवळजवळ शंभर वर्षे पुढे नेला आणि माणसे सगळी नवी घेतली. कोणत्याही मोठ्या नेटवर्कला न विकता ती स्थानिक वाहिन्यांना थेट दिली गेली आणि तिचे १७८ भाग झाले. जुन्या मालिकेचा एकही भाग न पाहिलेला माणूस तिच्यात कोठूनही शिरू शकत होता.

याच्या उलट उदाहरण ताजे आहे. 'स्टार वॉर्स'च्या जगातली 'द मँडलोरियन' ही मालिका २०१९ साली डिस्ने प्लस या ओटीटीसोबतच सुरू झाली. एक मुखवटाधारी भाडोत्री योद्धा आणि एक लहानगे, एवढ्यावर उभी असल्यामुळे 'स्टार वॉर्स'चा एकही चित्रपट न पाहिलेल्या घरांतही ती पाहिली गेली. दुसऱ्या सीझनच्या अखेरीस, डिसेंबर २०२० मध्ये, त्या दोघांची ताटातूट झाली. तिसरा सीझन मार्च २०२३ मध्ये सुरू झाला तेव्हा दोघे पुन्हा एकत्र होते, कारण मधल्या काळात त्यांची भेट 'द बुक ऑफ बोबा फेट' या वेगळ्याच मालिकेच्या शेवटच्या भागांत उरकली गेली होती. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्या दृष्टीने दोन वर्षे जपलेला विरह कोणीतरी शेजारच्या खोलीत मिटवून टाकला. मार्व्हलच्या २०२३ सालच्या 'द मार्व्हल्स' या चित्रपटाची अडचण त्याच जातीची होती: त्यातल्या तीन नायिकांपैकी दोघींची खरी ओळख ओटीटीवरच्या दोन स्वतंत्र सीरिजमध्ये झालेली होती. चित्रपटगृहाचे तिकीट काढणाऱ्याला आधी अभ्यास करून यायला सांगितले की तो घरीच बसतो.

आता तुमच्या कथेकडे येतो. तिच्यातली सर्वांत मौल्यवान गोष्ट बंधारा नाही, मुलगीही नाही. तो नियम आहे. आकडा नऊ दिवस आधी कळतो, पण फक्त आकडाच कळतो. पाऊस कोठे पडणार, धरणाचे दरवाजे कधी उघडणार, कोणाचे घर जाणार, यातले काही कळत नाही. पट्टीवर ३९ फूट दिसले तर इशारा, ४३ दिसले तर धोका, एवढे कोल्हापुरातले लहान मूलही जाणते, आणि २०१९ चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना त्या आकड्याची भीती वेगळी शिकवावी लागत नाही. म्हणजे आजीचे अर्धे काम पंचगंगेने करून ठेवले आहे. हे भाग्य फार थोड्या विज्ञानकथांच्या वाट्याला येते.

चांगला नियम बहुधा अडचणीतून जन्मतो. 'स्टार ट्रेक'मध्ये माणसे किरणांतून खाली उतरतात, कारण दर आठवड्याला यान ग्रहावर उतरवण्याचे दृश्य परवडणारे नव्हते. 'डॉक्टर हू'मध्ये नायक मरणाच्या वेळी दुसऱ्या देहात जातो, कारण १९६६ साली मूळ नटाची प्रकृती साथ देईना. त्या एका युक्तीवर ती मालिका आजवर टिकली. तुमचाही 'फक्त आकडा' हा नियम भविष्य दाखवायला पैसे नव्हते म्हणून आला, असे तुम्ही प्रामाणिकपणे लिहिले आहे. आता पैसे मिळाले म्हणून तो मोडू नका. निर्माता म्हणेल, मुलीला एकदा तरी भविष्यातले शहर दिसू दे, व्हीएफएक्स करू. त्या दिवशी तुमची कथा इतर पन्नास कथांसारखी होईल. एका दैनंदिन मालिकेत कालप्रवासाचा ट्रॅक मी लिहिला होता, त्यात भूतकाळात गेलेल्याला कोणी पाहू शकत नाही असा नियम होता. वाहिनीच्या आग्रहावरून सणाच्या विशेष भागात त्याला आईने पाहिले, पुढच्या महिन्यात बायकोने पाहिले, आणि त्यानंतर त्या पात्राला काहीच अशक्य उरले नाही. प्रेक्षकांनी तक्रार केली नाही. ते नुसते निघून गेले.

नियम तोच ठेवून प्रत्येक माध्यमाला त्याच्या प्रकृतीचा प्रश्न द्यावा. चित्रपटाला एकच पूर, नऊच दिवस आणि एकच निर्णय पुरे आहे: आकडा जाहीर करायचा की नाही. अंधारात, दोन तास, मोबाइल खिशात ठेवून बसलेला प्रेक्षक घड्याळ सहन करतो, किंबहुना घड्याळच त्याला धरून ठेवते. तेथे दुसऱ्या कथेची बीजे पेरण्यात वेळ घालवू नका.

वाहिनीवरच्या मालिकेचा प्रेक्षक वेगळा असतो, आणि त्याला हलका समजण्याची जी खोड आपल्या क्षेत्रात आहे ती मला मान्य नाही. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये हातात बावीस मिनिटांच्या आसपास येतात, आठवड्याला सहा भाग द्यावे लागतात, आधी चित्रित करून ठेवलेल्या भागांची बँक संपली की पटकथा सेटवर ओली पोहोचते, आणि गुरुवारी टीआरपी आला की ट्रॅक बदलतो. घरात कुकरची शिट्टी होते, कोणी दाराशी येते, एखादा भाग चुकतो. त्यामुळे मालिकेतली विज्ञानकथा ही रहस्याच्या साखळीवर चालत नाही, ती घरावर चालते. ज्या घरातल्या सुनेला नऊ दिवसांनंतरचा आकडा कळतो, त्या घरात तिला काय वागणूक मिळेल? सासऱ्यांची जमीन पूररेषेत असेल, दिराला ती आजच विकायची असेल, आणि ती बोलली तर सौदा मोडणार असेल, तर तिने गप्प राहावे काय? हे शंभर भाग चालेल, आणि मध्येच टीव्ही लावणाऱ्या काकूंना एका वाक्यात समजेल: हिला पाणी आधी कळते. 'स्टारगेट' हा १९९४ सालचा चित्रपट १९९७ पासून मालिका झाला आणि तिचे दहा सीझन चालले, त्याचेही कारण हेच की त्यातले दार दर आठवड्याला नव्या जागी उघडते आणि ही गोष्ट समजायला अर्धे मिनिट लागते.

ओटीटीवरचा प्रेक्षक बहुतेक वेळा एकटा असतो, कानात इअरफोन असतो आणि मागे नेऊन पुन्हा पाहण्याची सोय असते. तो कोणत्या भागाच्या कोणत्या मिनिटाला सोडून गेला हे प्लॅटफॉर्मला दिसते. येथे गुंतागुंत चालते, किंबहुना ती हवीच असते. आकडा कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न मी येथे ठेवीन. विमा कंपनीला तो नऊ दिवस आधी मिळाला तर काय होईल. धरणाच्या विसर्गाचा वाद दोन राज्यांत पेटलेला असताना तो कोणाच्या टेबलावर पडेल. आणि मोजणीवर बसणारी व्यक्ती कंत्राटी असेल तर तिची बदली कोण करील. आठ भागांची सीरिज, ठरलेला शेवट. 'स्टार वॉर्स'च्याच 'अँडोर' या सीरिजचा आराखडा सुरुवातीला पाच सीझनचा होता. तो दोनवर आणला गेला, आणि दुसऱ्या सीझनमध्ये दर तीन भागांना एक वर्ष पुढे सरकत ती २०१६ सालच्या 'रोग वन' या चित्रपटाच्या दाराशी येऊन थांबते. कोठे थांबायचे हे आधी ठरलेले असले की मधली घडी विस्कटत नाही.

तिघांचा क्रम कसा असावा, यावर तुमचा आग्रह एकाच वर्षात तिन्ही आणण्याचा दिसतो. मी तो सोडायला सांगीन. मोठ्या भांडवलाने ते जमते: 'कल्की २८९८ एडी' जून २०२४ मध्ये येण्यापूर्वी काही आठवडे आधी त्याच्या पूर्वपीठिकेचे दोन ॲनिमेशन भाग ओटीटीवर दाखवले गेले, आणि ते न पाहताही चित्रपट समजत होता, हे त्यातले कौतुकाचे. तुमच्याजवळ तेवढे बळ नाही. आधी चित्रपट करा, त्यानंतर ओटीटी, वाहिनी शेवटी. चाहते आहेत म्हणून मालिकेवरून चित्रपटाकडे उडी मारली आणि ती तोकडी पडली, असेही झाले आहे. 'फायरफ्लाय' ही अमेरिकन मालिका १४ भाग तयार होऊन बंद झाली, चाहत्यांच्या प्रेमामुळे २००५ साली तिचा चित्रपट निघाला, पण तेवढ्यांच्या तिकिटांवर त्याच्यापुढचा निघू शकला नाही.

हिंदीचा मुद्दा तुम्ही ओझरता लिहिला आहे, त्याला मी अधिक महत्त्व देईन. 'प्रभात'ने १९३२ साली कोल्हापुरात 'अयोध्येचा राजा' मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत स्वतंत्रपणे चित्रित केला होता; सेट, पोशाख, प्रकाशयोजना एकच, संवाद दोनदा. आज डबिंग स्वस्त आहे म्हणून आपण ही पद्धत विसरलो. बंधारा, मोजणीची खोली आणि नदीकाठची गल्ली या तीन जागा जर तुम्ही चित्रपटासाठी उभ्या करणार असाल, तर मुख्य दृश्ये दोन्ही भाषांत चित्रित करण्याचा वाढीव खर्च किती, हे निर्मात्याकडून लेखी काढून घ्या, आणि सेट मोडू नये, गोदामात ठेवावा, अशीही बोली करा. पाण्यासोबत काम आहे, सेटचा खर्च पुन्हा पुन्हा परवडणार नाही.

राहिलेले आजीचे अर्धे काम दिवाळी अंकांकडे द्यावे, असे मला वाटते. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला आपली 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली, आणि तेथून त्यांचे कथालेखन सुरू झाले. मराठीत विज्ञानकथेचा वाचक घडला तो मुख्यतः मासिके आणि दिवाळी अंक यांतून. त्याच पट्टीच्या, पण वेगवेगळ्या माणसांच्या चार छोट्या कथा लिहा, उदाहरणार्थ एक १९८९ मधली, एक २०१९ मधली, एक कुरुंदवाडच्या घाटावरची. त्यांचे ऑडिओ करा. त्यांतली कोणतीही चित्रपट पाहण्याची अट असू नये. खर्च नगण्य, आणि कोणता नियम लोकांच्या तोंडी बसतो ते समजते. हे लिहिताना एक वही ठेवा. नियम, तारखा, पट्टीवरचे आकडे आणि कोणाला काय माहीत आहे एवढेच तिच्यात असावे. तिलाच पुढे बायबल म्हणतात. ती फार जाड झाली तर काय होते हे 'स्टार वॉर्स' काढणाऱ्या लुकासफिल्मने अनुभवले आहे: कादंबऱ्या, कॉमिक आणि खेळ यांतून साठलेला पसारा एप्रिल २०१४ मध्ये त्यांना एका घोषणेने 'लेजेंड्स' म्हणून बाजूला ठेवावा लागला.

शेवटचा भाग कराराचा, आणि तुम्ही पाठवलेल्या मसुद्यातले सातवे कलम पाहून मी तो मुद्दाम सविस्तर लिहितो आहे. 'ज्ञात व भविष्यातील सर्व माध्यमे, संपूर्ण जग, कायमस्वरूपी' असे तेथे आहे. मी असेच कलम एकदा वाचून, समजून आणि तरीही सही करून बसलो. त्या कथेची पुढे तीन भाषांत मालिका झाली आणि मला एका भागाचेही श्रेय मिळाले नाही. कल्पनेला कॉपीराइट नसतो, लिहिलेल्या रूपाला असतो, म्हणून आधी चित्रपटाची पूर्ण पटकथा, सीरिजचा आराखडा आणि चारही कथा लिहून काढा व मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे त्यांची नोंदणी करा. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम १९ प्रमाणे करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता धरला जातो, आणि घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळे ठरले नसल्यास, तो संपतो. म्हणूनच निर्माते 'कायमस्वरूपी' हा शब्द आवर्जून घालतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटात वापरलेल्या साहित्यकृतीच्या लेखकाला चित्रपटगृहाबाहेरील वापरावरच्या रॉयल्टीचा हक्क सोडून देता येत नाही, त्यामुळे 'सर्व रॉयल्टी एकरकमी मानधनात समाविष्ट' हे तुमच्या मसुद्यातले नववे कलमही वकिलाला दाखवा. जॉर्ज लुकास यांनी पहिल्या 'स्टार वॉर्स'च्या वेळी मानधन वाढवून मागण्याऐवजी पुढच्या भागांचे आणि वस्तुविक्रीचे हक्क आपल्याकडे ठेवले, हे निर्मात्यालाही माहीत असते; ते बोलून दाखवायला संकोच करू नका.

सातव्या कलमाच्या जागी एवढेच मागा: फक्त एक मराठी चित्रपट आणि त्याची हिंदी आवृत्ती, मुदत पाच वर्षे, अठरा महिन्यांत चित्रीकरण सुरू न झाल्यास हक्क परत, आणि मालिका वा सीरिज करायची झाल्यास पहिली विचारणा या निर्मात्याकडे, परंतु स्वतंत्र करार आणि स्वतंत्र मानधन. तो 'पहिली विचारणा' मान्य करील, 'हक्क परत' या शब्दांवर अडेल. अठराचे चोवीस महिने करायला माझी हरकत नाही. शब्द मात्र राहिले पाहिजेत. सुधारित मसुदा आला की पाठवा, आणि सोबत १९८९ च्या कथेचा खर्डाही.